एका दिव्यावर दोन खोल्या

तांडा, मारेगावजवळ
२८ ऑगस्ट १९६१

हंसाच्या याडीस,

तू पोरीला घेऊन भावाच्या तांड्यावर गेलीस त्याला महिना झाला. हे पत्र मराठीत लिहितो, कारण याडी म्हणजे आई, एवढा शब्द सोडला तर आपली गोरबोली मला कागदावर नीट बसवता येत नाही, आणि जे नीट जमत नाही ते मी करत नाही. देवीलाल तुला वाचून आपल्या बोलीत सांगेल. देवीलाल, तू तिचा भाऊ, माझा साळा. तेव्हा आधीच सांगतो, लिहिलं आहे तेवढंच वाच. पदरचं घालू नको, आणि तुला झोंबेल असं काही आलं तर गाळू नको.

तू गेल्यावर घरात एक सुधारणा झाली. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतला कोनाडा मी आरपार फोडला. दोन्ही अंगांना जुन्या तसबिरींच्या काचा बसवल्या, धूर जायला वर बोटभर फट ठेवली. आता कंदील त्या कोनाड्यात ठेवला की चुलीपाशी उजेड पडतो आणि बाहेरच्या खोलीतही पडतो. एका दिव्यावर दोन खोल्या. तुझ्यासारखं कंदील हातात घेऊन मीठ शोधत फिरायला नको. वातीचे कोपरे किंचित गोल कापतो. कोपरे तसेच ठेवले तर ज्योतीला शिंगं फुटतात, काच काजळते, आणि काजळलेली काच अर्धा उजेड खाते. हे मला कोणी शिकवलं नाही. शाळेची पायरी मी पाहिली नाही. बाजारातून मिठामिरचीच्या पुड्या यायच्या, त्यांच्या कागदावर अक्षरं ओळखत शिकलो, आणि आज तांड्यातले सगळे अर्ज मी लिहितो. तू मात्र वीस वर्षं वात वेडीवाकडी कापलीस.

आता कामाचं. दिवाळीच्या आधी हंसाला घेऊन यायचं. लालसिंगच्या श्रावणशी तिचं ठरलं आहे, सोयरिकीचा गोळ खाऊन झाला आहे, करारात लालसिंगनं दिलेली बैलजोडी माझ्या दावणीला उभी राहून माझा कडबा खाते आहे. लालसिंग काळी मासीला, म्हणजे दिवाळीच्या आवसेला, तांड्यात येणार आहे. त्याच संध्याकाळी कुवाऱ्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर मेरा गातात. हंसाचा हा शेवटचा मेरा, लग्न झाल्यावर तो गाता येत नाही. तो तिनं बापाच्या तांड्यात गायचा की मामाच्या?

राहिलं तिच्या गालाचं. तू जाताना दारोदार 'पोरगी जाळली, पोरगी जाळली' सांगत गेलीस. जळालेलं माणूस कसं असतं ते मी पाहिलं आहे. हे पोळणं आहे. डावा गाल, कान आणि मानेचा थोडा भाग. नाकडोळे शाबूत आहेत. टिनाच्या चिमणीत तेल घालताना तिचा हात हलला आणि भडका उडाला. रोज घालत होती, त्या दिवशी हात हलला. यात मी काय केलं ते मला अजून कळलेलं नाही.

दिवस कळव. एसटीच्या फाट्यावर मी स्वतः येईन.

खेमसिंग


१९ सप्टेंबर १९६१

हंसाच्या याडीस,

उत्तर मिळालं. देवीलाल, कोंबडी शाईत बुडवून कागदावर सोडली तर तुझ्यापेक्षा सरळ चालेल. असो, वाचता आलं.

तुझे शब्द त्यानं तसेच उतरवले आहेत असं धरून चालतो: "पेटत्या चिमणीत तेल घालाले पोरीले कोनं सांगलं होतं? ते पयले लिहा."

मी सांगितलं होतं. त्यात लपवायचं काय? चिमणी विझवून तेल घातलं की पुन्हा पेटवायला आगकाडी लागते. घरात दिवा रोज भरावा लागतो. म्हणजे रोज एक काडी निव्वळ भित्रेपणापायी जाते. वातीचं टोपण पेटतंच उचलायचं, डाव्या हातानं लांब धरायचं आणि उजव्या हातानं बारीक धार सोडायची. घासलेटाला काही होत नाही. मी स्वतः घालत आलो, तू घालत आलीस, बोंबलत का होईना. हंसालाही दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "बा, मले भेव वाटते." मी म्हणालो, भेवानं हात हलतो आणि हात हलला की पोळतं, म्हणून भ्यायचं नाही. यापेक्षा स्पष्ट बापानं काय सांगावं?

आता तुझी अट. लालसिंगला आधी सांगा, तांड्याच्या नायकासमोर, पंचांत, पोरीचं तोंड असं असं झालं आहे म्हणून. मग त्यांना हवी असली तर पोरगी येईल. तुला कोणी शिकवलं हे? गाय विकताना तिची लाथ कोणी आधी सांगतं का?

मी काय ठरवलं आहे ते ऐक. खेमसिंगच्या घरी अंधार असतो हे सगळ्या तांड्यांना ठाऊक आहे. लालसिंग तर चारचौघांत म्हणतो, "तुह्या घरी जेवाले बसलो का घास कानात जाते बा." हसतात सगळे. हसू दे. त्या दिवशी कंदील कोनाड्यात, वात खाली. बाहेरच्या खोलीत दारातून आलेल्या माणसाला माणूस दिसेल, पण गाल दिसणार नाही. हंसानं भिंतीला डावं अंग लावून बसायचं, ओढणी पुढे घ्यायची. दुसऱ्या कोणाच्या घरी असा अंधार केला तर पाहुणा विचारेल. माझ्या घरी नाही विचारणार. इतकी वर्षं लोकांनी माझी जी नालस्ती केली ती आता पोरीच्या कामी येते आहे.

लग्नात घुंगट असतोच. एकदा नवरी घरात गेली की गालासाठी तिला परत पाठवली असं मी ऐकलं नाही. चार दिवस बोलतील. मग सवय होते. मला तुझ्या बोलण्याची झालीच ना.

खेमसिंग


१६ ऑक्टोबर १९६१

हंसाच्या याडीस,

उत्तर नाही. देवीलालकडची शाई संपली असेल.

मारेगावच्या बाजारात लालसिंग भेटला. कापसाच्या गाडीवर बसून चिवडा खात होता. मला पाहून म्हणाला, "ये बा इवाई, दिवसा तरी दिसला तू." गाडीवानही हसला. मग म्हणाला, "पोरगी कोठी हाय?"

"मामाच्या घरी. मामीचं बाळंतपण आहे."

"मामीचं? देवीलालची बायको पन्नाशीची असन ना बे."

"धाकट्या मामीचं," मी म्हणालो. देवीलालला धाकटा भाऊ नाही हे लालसिंगला माहीत नसावं. नसेल तर बरं.

त्यानं चिवड्याचा कागद झटकला. "बाजारात येगळंच आयकून राह्यलो. कोनी म्हने तुही पोरगी भाजली."

"बोटाला चटका बसला."

"अन् तू म्हने चिमणीत पेट्रोल टाकत होता."

हे त्याला कोणी सांगितलं? तुला माहीत होतं, मला होतं आणि ज्याच्याकडून घेतलं त्या जिनिंगच्या ट्रकवाल्याला होतं. ट्रकवाला इथला नाही. तेव्हा तोंड तुझंच सुटलं आहे.

आणि ज्यांना कळत नाही ते 'पेट्रोल' एवढा शब्द धरून बसतात, म्हणून प्रमाण लिहितो. दोन भाग घासलेट, एक भाग पेट्रोल. ट्रकवाला ते मला जवळजवळ फुकट देत होता. उजेड पांढरा पडतो, वात कमी करपते. घरात वापरायला देण्याआधी मी स्वतः ते चिमणीत घालून पाहिलं होतं. एकदाही भडका झाला नाही. तेव्हा मी चिमणी विझवून, गार करून भरत होतो हे खरं आहे. नवीन वस्तू पारखताना माणूस जास्त सांभाळतो, त्यात नवल नाही. पण रोजच्या वापरात रोजचीच रीत, असं मी धरलं. हंसाला मिश्रणाचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती आणखी भ्याली असती.

लालसिंगला मी म्हणालो, "काळी मासीला ये, पोरगी डोळ्यांनी पाहा."

"येतो ना. पयले नायकाच्या घरी जेवतो, मंग तुह्याकडे. तुह्या घरी आंधारात काय जेवाव?"

म्हणजे सगळं ठरल्यासारखं होईल. फक्त पोरगी पाहिजे.

तू आणली नाहीस तर मी काय करेन तेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कळलं नव्हतं म्हणायला नको. मी पंचांत सांगेन की चिमणी तू भरत होतीस, तुझ्या हातून पोरीच्या अंगावर सांडली आणि म्हणून तू तोंड लपवून माहेरी पळालीस. तांड्यात तुझा शब्द किती चालतो आणि माझा किती, ते तुला माहीत आहे. या तांडेवाल्यांचे सातबाराचे अर्ज तू नाही लिहिलेस. देवीलाल, ही ओळ दोनदा वाच.

खेमसिंग


२ नोव्हेंबर १९६१

हंसाच्या याडीस,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ: "हंसा काळी मासीले येईल." एवढी एक ओळ सुरुवातीलाच लिहिली असती तर माझे चार कागद वाचले असते. पण उशिरा का होईना, शहाणपण आलं.

आता नीट लक्ष दे. हंसानं भडक काही घालायचं नाही. तिच्या लग्नासाठी तू जी काचांची ओढणी भरलीस ती घालायची असेल तर डाव्या अंगाच्या काचा उसवून टाक. आरशाचा स्वभाव असा की कुठूनही किरण आला तरी तो बाजूला फेकतो, आणि त्या काचा गालाच्या अगदी शेजारी येतात. तू ती ओढणी भरायला किती वर्षं घेतलीस ते मला माहीत आहे. त्या कामात घासलेट माझं गेलं आहे. तेव्हा उसवताना रडू नको. उजव्या बाजूच्या काचा राहू दे.

फाट्यावरून सरळ घरी या. मेरा गायला ती नाही गेली तरी चालेल. बरं नाही म्हणून सांगू. हातातला दिवा तोंडाच्या पातळीला येतो, हे माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं.

मी घरी असेन. पुढच्या दारात दिवा ठेवणार नाही.

खेमसिंग


११ नोव्हेंबर १९६१

हंसाच्या याडीस,

तू माझ्या दारासमोरून गेलीस आणि थांबली नाहीस. तू बाहेर होतीस, म्हणून आतून काय झालं ते तुला माहीत नाही. ते लिहितो.

दिवस मावळायच्या आत मी अंगण झाडून घेतलं. कंदील कोनाड्यात, वात खाली, दार उघडं. बाहेरच्या खोलीत मी दोनदा आत-बाहेर करून पाहिलं, सगळं मनासारखं होतं. तुम्ही दोघी फाट्यावरून सरळ नायकाच्या घरी उतरल्या आहात हे मला कोणी सांगितलं नाही. मग पोरींचा मेरा सुरू झाला. आपल्या तांड्यात तो नायकाच्या दारातून निघतो आणि प्रत्येक घरी थांबतो. मी आवाजावरून घरं ओळखत होतो. किसनच्या घरी थांबला. खालच्या आळीत थांबला. शेजारच्या दारात थांबला, तेव्हा दिव्यांचा उजेड माझ्या उंबऱ्यापर्यंत आला. त्यात हंसाचा आवाज होता. मी उठून उभा राहिलो, दिव्यात टाकायला नाणं हातात धरलं होतं. मग आवाज माझ्या दारासमोर आला आणि बंद झाला. नुसती पावलं. पोरी मुकाट गेल्या, आणि पुढच्या घरी पुन्हा गाणं सुरू झालं.

आपल्या तांड्याची रीत मी विसरलो असं कोणी म्हणू नये. काळी मासीला ज्याच्या दारात दिवा नाही त्याच्या घरी कोणी गेलेलं असतं, आणि सुतकाच्या दारात मेरा गात नाहीत. मला हे माहीत होतं. पण माझ्या घरी अंधार नेहमीचा आहे, तो लोक नेहमीचाच समजतील, असा माझा हिशेब होता.

सकाळी बायका आल्या. डोक्यावरून पदर ओढून, रांगेनं. नायकीण पुढे.

"कोन गेलं?" ती म्हणाली.

"कोणी नाही गेलं."

"मंग दिवा काहून नोता?"

"तेल वाचवत होतो."

ती मागे वळून बायकांना म्हणाली, "तेल वाचवत होते म्हनते." कोणी हसलं नाही. मग तिनं मोठ्यानं गळा काढला आणि सगळ्या माझ्या अंगणात बसून रडल्या. मी थांबवायला गेलो तर किसनची म्हातारी म्हणते, "बस बा, सुरू झालं ते पुरं होऊ दे." नाव घेऊन रडतात ना? त्या हंसाचं नाव घेऊन रडल्या. जित्या पोरीचं. आणि नायकाच्या ओट्यावर ती पोर उभी होती, मी पाहिली, आणि तिनं त्यांना थांबवलं नाही.

नायकाच्या घरी आदल्या संध्याकाळी काय झालं ते रामसिंग नायकानं मला सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो. चुकलं असेल तर खोडून पाठव. लालसिंग जेवून ओट्यावर बसला होता. पोरी मेरा घेऊन आल्या. हंसा पुढे होती. तिनं ओढणी मागे टाकली, दिवा डाव्या हातानं उचलून गालाला लावला आणि लालसिंगला म्हणाली, "पाहून घ्या मामा. मंग बोला." एकही काच उसवली नव्हती. रामसिंग म्हणतो, तो गाल एकदा दिसला नाही, काचाकाचांत दिसला.

लालसिंगनं जवळ येऊन वाकून पाहिलं. मग म्हणाला, "हे कोनाच्या हातानं झालं?"

तू म्हणालीस, "पोरीच्याच हातानं. बापाच्या सांगन्यावरून."

"त्यानं बोट सांगतलं मले."

"पाहून घ्या न मंग."

मग लालसिंगनं रामसिंगला सांगितलं, पोराला विचारतो. पोरगा घेईल म्हणाला तर पोरगी घेऊ, पण जळक्या पोरीला बैल देत नसतात. जोडी उद्या सोडून नेतो. आणि तू हो म्हणालीस! पोरीचा भाव तिच्या तोंडावर शून्य केला आणि तू हो म्हणालीस. हंसाही हो म्हणाली. मी अंधार केला तो याच्याचसाठी केला होता ना, की तिचं मोल कमी होऊ नये?

वर रामसिंगचा निवाडा. खेमसिंगनं स्वतःच्या दारात सुतक मांडलं, त्या घरातून वर्षभर लग्न निघू शकत नाही, तेव्हा पोरगी मामानं द्यावी. मी म्हणालो, सुतक कोणाचं? तो म्हणाला, "ते तू सांग. दिवा तू नाई लावला."

बैल नेले. दावी माझी होती, तीही नेली.

खेमसिंग


७ मे १९६२

हंसाच्या याडीस,

लग्न झालं असं कळलं. बोलावणं नव्हतं, मीही वाट पाहिली नाही. तू परत येणार नाहीस हेही कळलं, आणि त्याबद्दल मी लिहीत नाही. लिहायचं कारण वेगळं आहे.

लालसिंगच्या तांड्यात कासार जातो, तोच इथे येतो. मला पाहून त्यानं बांगड्यांची माळ खाली ठेवली आणि विचारलं, "तुमी खेमसिंगच ना? हंसाबाईचे वडील?" हो म्हणालो. तो गोंधळला. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं.

नवरी निघताना ढावलो गाते, एकेकाच्या गळ्यात पडून, नाव घेऊन रडते. हंसा तुझ्या गळ्यात पडली, मामाच्या पडली, मामीच्या पडली. मग सासरच्या एका म्हातारीनं विचारलं, "बाप कोठी हाय वं पोरी?" हंसा म्हणाली, "काळी मासीले गेला." आणि जो ढावलो बापासाठी असतो तो तिनं गेलेल्या माणसाचं रडतात तसा गायला. सगळा मांडव रडला म्हणे. कासारही रडला. मला सांगताना त्याचे डोळे भरले होते, माझ्यासमोर उभा राहून, माझ्यासाठी.

मी हंसाला पत्र टाकलं. साधं, चार ओळींचं. तिला वाचता येत नाही, पण श्रावण चौथी शिकला आहे. पत्र परत आलं. पोस्टमन ओळखीचा आहे. त्यानं सांगितलं, "बाई म्हनते, वडील वारले, त्याहिचं पत्र कसं येईन? घेत नाई."

तिथे श्रावण तिच्या शेजारीच उभा होता म्हणे. 

येत्या काळी मासीच्या दुसऱ्या दिवशी ते लोक घरच्या गेलेल्यांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकतील. त्यात माझं नाव येईल. सून नाव सांगेल, लालसिंग घास टाकेल. लालसिंगला मी जिवंत आहे हे माहीत आहे, आणि तरी तो टाकेल. मला ओळखतो तो. मी इथे खात-पीत, चालत-बोलत असताना माझा घास जळेल. हे चूक आहे. तू माझ्यावर रागाव, पोरगी रागावू दे, पण चूक ती चूक. कोणीतरी तिला समजावून सांगायला पाहिजे, आणि माझं ती ऐकत नाही, कारण तिच्या लेखी बोलायला मी नाहीच.

देवीलाल, तुझ्या अक्षराबद्दल मी जे बोललो ते सोडून दे. तू लिही. तुझं पत्र ती घेईल. लांबलचक नको, कारणं नकोत, गालाचं काही नको. माझ्या वतीनं माफी-बिफी मागू नको, मी मागितलेली नाही. फक्त एवढंच लिही की तुझा बाप मारेगावजवळच्या तांड्यात आहे, काल त्यानं जेवण केलं, आज हे पत्र लिहिलं.

ती काय म्हणाली ते मला कळव. काहीच म्हणाली नाही तर तेही कळव.

खेमसिंग